किरणांचा काटा खरा करणारे सीव्हर्ट

लोह्याच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं आणि काटाच खोटा निघाला, तर नुकसान पैशाचं. किरणोत्सर्गाचा काटा खोटा निघाला, तर गाठ जिवाशी! हाच काटा खरा करण्यात रोल्फ सीव्हर्ट यांचं आयुष्य गेलं.

जन्म 1896, स्टॉकहोम. वडिलांचा केबलचा मोठा कारखाना. गादीवर बसून आरामात जगता आलं असतं. पण 1924 पासून ते कर्करोगाच्या रुग्णालयात किरणं मोजत राहिले. मात्रा कमी पडली तर गाठ राहते, जास्त झाली तर रुग्ण भाजतो. त्यांनी छोटा कक्ष बनवला. त्यात विद्युतभार भरायचा. किरणं पडली की तो उतरतो. किती उतरला, त्यावरून मात्रा कळते.

1950 नंतर अमेरिका आणि रशियाच्या अणुचाचण्यांची धूळ जगभर पडू लागली. त्यातली खरी भर किती? जमीन आणि आकाशातून मुळातच किरणं येतात. ती आधी मोजून वजा केली नाहीत, तर आकडा फसवा. सीव्हर्ट यांनी त्यासाठी स्वीडनमध्ये मोजणी केंद्रं उभारली. 1958 ते 1960 ते संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग समितीचे अध्यक्ष होते. भारतही त्या समितीत होता. 1963 मध्ये अमेरिका, रशिया, ब्रिटननं हवेतल्या चाचण्या थांबवल्या.

1966 मध्ये ते गेले. 1979 मध्ये मात्रेच्या एककाला त्यांचं नाव मिळालं.

आता एक्स-रे काढायला गेलात, तर तंत्रज्ञाच्या छातीवरचा बिल्ला बघा. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. उत्तर येतं मिलीसीव्हर्टमध्ये.