लॉर्ड जॉर्ज बेंटिंक : शर्यतीच्या मैदानाला शिस्त लावणारा उमराव

सतीबंदी करणारे गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक सर्वांना परिचित आहेत. त्यांचे पुतणे लॉर्ड जॉर्ज बेंटिंक (१८०२-१८४८) यांनी इंग्लंडमधील घोड्यांच्या शर्यतींना शिस्त लावली.

ससेक्समधील गुडवुड हे ड्यूक ऑफ रिचमंड यांचे मैदान. तेथील धावमार्ग आणि प्रेक्षकांची आवारे यांची मांडणी जॉर्ज यांच्या सल्ल्याने सुधारली. घोड्यांना क्रमांक देणे, शर्यतीपूर्वी त्यांना प्रेक्षकांसमोरून फिरविणे आणि निशाणाच्या इशाऱ्याने शर्यत सुरू करणे या प्रथा त्यांनी रुजविल्या. १८४४ च्या डर्बीत तीन वर्षांचा म्हणून चार वर्षांचा घोडा पळविला गेला होता; ते कारस्थानही त्यांनीच उघडकीस आणले.

धान्य कायदे रद्द होऊ नयेत म्हणून संसदेत लढताना १८४६ मध्ये त्यांनी आपले सर्व घोडे विकून टाकले. त्यांत सरप्लिस नावाचे एक शिंगरू होते. जॉर्ज यांना आयुष्यभर हुलकावणी देणारी डर्बी १८४८ च्या मे महिन्यात त्याच सरप्लिसने जिंकली. पण मालक दुसरा होता. चार महिन्यांनी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, जॉर्ज यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र इतर मैदानांनीही स्वीकारली.