लेकाच्या मैफलीला गेलेले वडील : लिओपोल्ड मोझार्ट

मोझार्टचे नाव आपल्या घरांतून ठाऊक असते. त्याच्या वडिलांविषयी मात्र आमच्या वाचनात मराठीत फारसे आलेले नाही.

लिओपोल्ड यांचा जन्म १७१९ साली ऑग्सबर्गला झाला. साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात ते व्हायोलिनवादक होते. १७५६ मध्ये त्यांचा व्हायोलिनशिक्षणावरचा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी वोल्फगांग जन्मला. पुढे स्वतःच्या रचना मागे ठेवून त्यांनी मुलालाच घडवले.

१७८१ मध्ये मुलाने दरबारची नोकरी सोडली, पुढच्या वर्षी वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केले. दुरावा आला. तरीही ११ फेब्रुवारी १७८५ रोजी, पासष्टी गाठलेले लिओपोल्ड ऐन थंडीबर्फात व्हिएन्नाला पोहोचले. घरी नव्या पियानो कन्चेर्तोच्या नकला अजून उतरवल्या जात होत्या, आणि वाजवायचा होता त्याच संध्याकाळी! शेवटचा भाग मुलाने एकदाही वाजवून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हायडन घरी आले. त्या काळचे ते नामांकित संगीतकार. मोझार्टची तीन क्वार्टेट ऐकून त्यांनी देवाला स्मरून लिओपोल्डना सांगितले, की तुमच्या मुलाएवढा थोर रचनाकार माझ्या माहितीत नाही.

तिसऱ्या दिवशी नाट्यगृहात लिओपोल्डना रडू आले. बादशहाने टोपी हलवून दाद दिली, पण डोळे भरले ते वाद्यांचा परस्परमेळ स्पष्ट ऐकू आल्यामुळे. आम्हांला यात बापाइतकाच वादकही दिसतो. हे सारे त्यांनी मुलगी नानेर्लला पत्रांतून कळवले. तीही उत्तम वादक.

२५ एप्रिलला ते निघाले. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही. २८ मे १७८७ रोजी साल्झबर्गला लिओपोल्ड वारले.