विजय हजारेंची सरासरी ४७.६५: आकडा वाचायचा कसा?

दिवाळीत गावी, उमापूरला गेलो होतो. चुलतभाऊ फोनवर क्रिकेट बघत होता. मध्येच त्याने विचारलं की दादा, ज्यांच्या नावाची ट्रॉफी आहे ते विजय हजारे खेळायचे कसे? सर्च केलं, कसोटी सरासरी आली ४७.६५. त्याचं तोंड वाकडं झालं. पन्नाससुद्धा नाही!

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर आकड्यांशीच काम. त्यामुळे एक गोष्ट पक्की माहीत आहे: तुलनेशिवाय नुसता आकडा काहीच सांगत नाही.

आधी माणूस

हजारेंचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. वडील शाळामास्तर. देवासच्या महाराजांमुळे त्यांना ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू क्लॅरी ग्रिमेट याचं मार्गदर्शन मिळालं. हजारेंची उभं राहण्याची ढब जरा अवघडलेली दिसायची, पण ग्रिमेटने ती बदलायला लावली नाही. पुढे महायुद्ध आलं आणि कसोटी सामने थांबले. पहिली कसोटी मिळाली १९४६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी. १९५३ पर्यंत ३० कसोटी, २१९२ धावा, ७ शतकं. ५२ डावांत ६ वेळा नाबाद, म्हणून २१९२ भागिले ४६. झाले ४७.६५.

आता तुलना

बेसबॉलमध्ये ‘ओपीएस प्लस’ नावाचं एक माप आहे. त्यात लीगच्या सरासरी खेळाडूला १०० धरतात. १५० म्हणजे सरासरीपेक्षा ५० टक्के सरस. क्रिकेटमध्येही असं करता येतं: फलंदाजाची सरासरी भागिले त्याच सामन्यांतल्या बाकीच्यांची सरासरी, गुणिले १००.

जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ केल्या, त्यात ब्रॅडमनच्या २०१. भारताच्या पहिल्या डावात हजारे ११६. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ७ बळी घेतले आणि संघ २७७ वर आटोपला. त्यात एकट्या हजारेंच्या १४५. बाकीच्यांच्या, एक्स्ट्रा धरून, १३२ धावा आणि ९ विकेट. म्हणजे विकेटमागे साधारण १४.७. हजारे जवळपास दहापट! कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. तरीही भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला.

त्याआधी १९४३ मध्ये, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेची फायनल. हजारेंच्या ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा, त्यातल्या ३०९ त्यांच्या. भाऊ विवेक २१ धावा करून एक बाजू धरून उभा राहिला. हा सामनाही गेलाच.

पण सावध! एका डावाचा आकडा कितीही भारी दिसला तरी सँपल छोटं असतं. पूर्ण कारकिर्दीचं माप काढायचं तर त्यांच्या तिसाही कसोट्यांतल्या सगळ्या फलंदाजांच्या धावा आणि विकेट घ्याव्या लागतात. ती सरासरी समजा ३० धरली, तर ४७.६५ चे होतात १५९. ३५ धरली तर १३६. बघा, हजारेंची एकही धाव बदलली नाही, तरी अर्थ बदलला.

हरणाऱ्या संघातला माणूस, असंही म्हणता येणार नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कॅप्टन हजारेच होते. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ ला ते गेले.

तुमच्या फोनवर करून बघा

चुलतभावाचा खरा प्रश्न वेगळाच होता. स्कोअरिंग ॲपमध्ये त्याची सरासरी १४ दिसते, म्हणून त्याला टीममधून काढलं होतं. आम्ही सगळ्या मॅचचे स्कोअर शीटमध्ये भरले. त्याच्या धावा आणि विकेट वजा केल्या. बाकी टीमची सरासरी निघाली ६. १४ भागिले ६, गुणिले १००: २३३.

शीट त्याने कॅप्टनला पाठवली. निर्णय कॅप्टनचा. पण आता निदान बोलणं बरोबर आकड्यावर होईल.