वकिलातीतील फुरसत : लेडी मेरी वर्टली माँटेग्यूचे तुर्कस्तानातील दिवस

राजदूताच्या चरित्रात त्याच्या पत्नीला सामान्यतः एखाद-दुसरे वाक्य मिळते. तो तह करतो, खलिते पाठवितो, दरबारात उभा राहतो. ती मेजवान्या देते, भेटी घेते, मुले सांभाळते. त्याच्या दिवसाला कामकाज म्हणायचे आणि तिच्या दिवसाला फुरसत, ही वाटणी चरित्रकार फारसा विचार न करता स्वीकारतात. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू (१६८९–१७६२) हिचे चरित्र या वाटणीविषयी शंका निर्माण करते. तिचा पती एडवर्ड वर्टली माँटेग्यू हा १७१६ साली इंग्लंडचा राजदूत म्हणून ऑटोमन दरबारी नेमला गेला आणि १७१८ मध्ये हे दांपत्य परत फिरले. या अल्पकाळात पतीच्या हातून जे घडले त्याची नोंद इतिहासात जेमतेम उरली आहे. पत्नीने रिकाम्या मानल्या गेलेल्या वेळात जे केले, त्याचा प्रभाव मात्र वाङ्मय आणि वैद्यक या दोन्ही क्षेत्रांवर पडला.

मेरी ही उमराव घराण्यातील मुलगी. तिचे वडील एव्हलिन पिअरपाँट पुढे किंग्स्टनचे ड्यूक झाले. मुलींनी लॅटिन शिकण्याची चाल नव्हती. तिने वडिलांच्या ग्रंथालयात बसून ती भाषा स्वतःच आत्मसात केली. विवाहाच्या करारातील मालमत्तेच्या कलमांवरून वडील आणि एडवर्ड यांचे जमेना, तेव्हा १७१२ साली तिने पळून जाऊन लग्न केले. पुढच्याच वर्षी तिचा मुलगा जन्मला आणि त्याच वर्षी तिचा एकुलता भाऊ देवीच्या साथीत दगावला. १७१५ च्या अखेरीस तिला स्वतःलाही देवी आल्या. ती वाचली, परंतु चेहऱ्यावर व्रण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले. तिच्या तुर्कस्तानातील जिज्ञासेचा विचार करताना ही पार्श्वभूमी नजरेआड करता येत नाही.

ऑगस्ट १७१६ मध्ये हे दांपत्य तीन वर्षांच्या मुलासह लंडनहून निघाले. हॉलंड व जर्मन राज्यांतून व्हिएन्ना, तेथून हॅनोव्हरला जाऊन पुन्हा व्हिएन्ना आणि मग ऐन हिवाळ्यात हंगेरी ओलांडून बेलग्रेड, सोफिया व एड्रियानोपल, म्हणजे आजचे एदिर्ने, असा त्यांचा मार्ग होता. ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटलेले होते. आदल्या वर्षीच्या लढाईचे मैदान प्रेतांनी भरलेले तिने वाटेत पाहिले. बेलग्रेडमध्ये सुमारे तीन आठवडे मुक्काम पडला. तेथील यजमान अहमद बेग हा व्युत्पन्न गृहस्थ होता. त्याच्याशी होणाऱ्या सायंकालीन चर्चांतून अरबी काव्य आणि इस्लामी आचारविचार यांचा तिला प्रथम परिचय झाला.

एडवर्डचे कामकाज दुपेडी होते. इंग्लंडच्या राजाचा प्रतिनिधी या नात्याने त्याला दोन्ही युद्धमान पक्षांत मध्यस्थी करावयाची होती. त्याच वेळी पूर्व भूमध्य सागरातील व्यापाराची सनद असलेल्या लिव्हंट कंपनीचे हितसंबंधही त्याने राखावयाचे होते, कारण राजदूताचा खर्च ही कंपनी उचलीत असे. सुलतान तिसरा अहमद याची भेट, वजिरांशी वाटाघाटी, लंडन व व्हिएन्नाकडे जाणारी टिपणे, व्यापाऱ्यांच्या तक्रारी यांत त्याचे दिवस जात. परंतु तुर्कांच्या बाजूने तो अधिक झुकतो, असा व्हिएन्नाचा ग्रह झाला आणि १७१७ सालीच त्याला परत बोलाविण्याचे ठरले. हा निर्णय ज्या मंत्र्याने त्याला कळविला तो जोसेफ ॲडिसन, निबंधकार म्हणून इंग्रजीच्या अभ्यासकांना सुपरिचित आणि एडवर्डचा जुना स्नेही. जुलै १७१८ मध्ये पासारोवित्सचा तह झाला तेव्हा मध्यस्थाच्या आसनावर एडवर्डच्या जागी त्याचा पूर्वाधिकारी सर रॉबर्ट सटन होता.

मेरीचा दिनक्रम कसा होता? मे १७१७ अखेर ही मंडळी कॉन्स्टँटिनोपलला, पेरा या परकीयांच्या वस्तीत, राहावयास आली. उन्हाळ्यात शहराबाहेरील बेलग्रेड नावाच्याच वनातील खेड्यात त्यांचा मुक्काम असे. तेथून कवी अलेक्झांडर पोप याला लिहिलेल्या पत्रात तिने आठवड्याची आखणीच कळविली आहे. एक दिवस तितरांच्या शिकारीचा, एक इंग्रजी वाचनाचा, एक तुर्की भाषेच्या अभ्यासाचा, एक प्राचीन अभिजात ग्रंथकारांचा, एक लेखनाचा, एक शिवणकामाचा आणि रविवार भेटीगाठी व संगीत यांचा. या यादीचा सूर थट्टेचा आहे, हे मान्य केले तरी सातांपैकी चार दिवस भाषा, वाचन आणि लेखन यांकडे आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

पेऱ्यातील घर म्हणजे भाषांचा बाजारच होता. मोतद्दार अरब, हुजरे फ्रेंच, इंग्रज व जर्मन, दाई आर्मेनियन, मोलकरणी रशियन, कारभारी इटालियन, इतर नोकर ग्रीक आणि पहाऱ्यावरचे जानिसारी तुर्क. अशा घराची व्यवस्था लावणे हे स्वतंत्र कामकाजच होते. त्याला वेतन नव्हते एवढेच. जानेवारी १७१८ मध्ये याच घरात तिला मुलगी झाली.

राजदूतपत्नी म्हणून तिला औपचारिक भेटी द्याव्या लागत. फ्रेंच राजदूताच्या पत्नीला लवाजम्यासह मिरविण्याची हौस होती. मेरीला त्या थाटाचा कंटाळा. तिने तुर्की स्त्रियांचा बुरखा व झगा वापरण्यास सुरुवात केली आणि त्या वेषात ती शहरातून हिंडू लागली. सोफियाच्या हमामखान्यातील प्रसंग प्रसिद्धच आहे. तेथे सुमारे २०० स्त्रिया विवस्त्र बसल्या होत्या. त्यांच्या आग्रहास्तव मेरीने वरचे वस्त्र सैल केले तेव्हा आतील ताठ काचोळी पाहून त्यांची समजूत झाली की पतीने तिला या यंत्रात कुलूपबंद केले आहे. बंदिवान कोण, हा प्रश्न तिने युरोपीय वाचकांसमोर इतक्या सहजतेने उलटा करून ठेवला. तिच्या आधीच्या पुरुष प्रवाशांना जनानखान्यात प्रवेशच नव्हता. त्यांची वर्णने ऐकीव होती, हे तिने स्पष्टपणे नोंदविले आहे.

तथापि तिच्या दृष्टीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्या घरांत ती गेली ती उच्चपदस्थांची होती. बुरख्यामुळे स्त्रीला मोकळेपणा मिळतो, हे तिचे मत अशा घरांतील स्त्रियांपुरतेच तपासून घ्यावे लागते. तुर्कस्तानातील गुलामगिरीचे तिने केलेले समर्थन आज पटण्यासारखे नाही.

एदिर्नेहून एप्रिल १७१७ मध्ये सारा चिझवेल या मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रात तिने देवी टोचण्याच्या प्रथेचे वर्णन केले. उन्हाळा ओसरल्यावर लोक एकत्र जमत; एखादी वृद्धा अक्रोडाच्या करवंटीत देवीच्या फोडांतील पू घेऊन येई आणि सुईने शिरेत घाली. आठव्या दिवशी ताप येई, दोन-तीन दिवस अंथरुणात जात आणि मनुष्य बरा होई. कॉन्स्टँटिनोपलच्या इमानुएल तिमोनी या वैद्याचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने १७१४ मध्येच छापला होता, पण त्यावरून इंग्रज वैद्य हलले नव्हते. मार्च १७१८ मध्ये मेरीने स्वतःच्या मुलाला टोचून घेतले. एका ग्रीक वृद्धेने एक हात टोचला, वकिलातीचा शस्त्रवैद्य चार्ल्स मेटलँड याने दुसरा. १७२१ साली लंडनमध्ये साथ आली तेव्हा मेटलँडकडून तिने मुलीलाही टोचून घेतले. मग त्याच वर्षी न्यूगेट तुरुंगातील सहा कैद्यांवर प्रयोग झाला आणि १७२२ मध्ये राजघराण्यातील दोन मुलींना टोचण्यात आले. सारा चिझवेल मात्र १७२६ मध्ये देवीनेच वारली.

येथे मराठी वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्याकडे देवी काढणे हा शब्दप्रयोग रूढ आहे तो प्रामुख्याने जेन्नरच्या १७९६ नंतरच्या गोस्तन-देवीच्या लशीसंबंधी. मुंबईत ती १८०२ साली आली. मेरीने पाहिलेली पद्धत त्यापूर्वीची, खऱ्या देवीचाच पू वापरणारी आणि म्हणून धोक्याची होती. भारतातही ती प्रचलित होती.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा प्रश्न पत्रांच्या स्वरूपाचा आहे. उपलब्ध ५२ पत्रे ही जशीच्या तशी टपालात पडलेली पत्रे नव्हेत. मूळ पत्रे व रोजनिशी यांच्या आधारे तिने परतल्यावर केलेली ती पुनर्रचना आहे. प्रत्येक पत्राला त्याच्या वाचकाप्रमाणे विषय मिळाला आहे. बहिणीला वेषभूषा आणि जनानखाना, विद्वान पाद्री काँटी याला धर्म आणि राज्यव्यवस्था, पोपला काव्य. पोपला तिने एका तुर्की कवितेचे आधी शब्दशः आणि मग इंग्रजी काव्यरीतीनुसार असे दोन अनुवाद पाठविले. भाषांतरात काय गमावते, हे दाखविण्याचा हा प्रयत्न बुधवारच्या अभ्यासाचेच फळ म्हटला पाहिजे.

मेरी ॲस्टेल या विदुषीने १७२४ मध्ये या हस्तलिखिताला प्रस्तावना लिहून दिली. परंतु उमराव स्त्रीने ग्रंथ छापणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून ते तसेच राहिले. १७३९ साली मेरीने इंग्लंड सोडले आणि पुढील दोन तपे फ्रान्स व इटलीत काढली. एडवर्ड १७६१ मध्ये वारला. परतीच्या वाटेवर रॉटरडॅम येथे तिने हस्तलिखित बेंजामिन सोडन या धर्मोपदेशकाच्या स्वाधीन केले. ऑगस्ट १७६२ मध्ये लंडनला तिचे निधन झाले. तिची कन्या लेडी ब्यूट हिचा पती त्या वेळी पंतप्रधान होता. घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी कुटुंबाने हस्तलिखित ताब्यात घेतले, तरी दुसऱ्या प्रतीवरून १७६३ मध्ये पत्रे छापली गेलीच. आईची रोजनिशी मात्र लेडी ब्यूटने पुढे स्वतःच्या हाताने जाळली.

एडवर्डचे खलिते शासकीय कागदपत्रे होती, म्हणून जपली गेली. मेरीची रोजनिशी खाजगी होती, म्हणून जाळता आली. कामकाज आणि फुरसत यांची वाटणी चरित्रलेखनाच्याही आधी, कागद जपण्यापासूनच सुरू होते, हे यावरून दिसते. ही पत्रे उरली ती त्यांच्या लेखिकेने ती वेळीच घराबाहेर ठेवली म्हणून. राजदूतांची, मुत्सद्द्यांची आणि कारभाऱ्यांची चरित्रे वाचताना त्या घरातील कोणते कागद कोणी राखले आणि कोणते कोणी नष्ट केले, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवा.