विश्लेषण : हातात पदवी नव्हती, तरी सरकारने प्राध्यापक केले, बाळशास्त्री जांभेकरांच्या दोन भाषांची किंमत कशी ठरली?

दरवर्षी ६ जानेवारीला राज्यात पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ मध्ये याच दिवशी ‘दर्पण’चा पहिला अंक मुंबईत निघाला. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून त्याची ओळख आहे. पण ‘दर्पण’ केवळ मराठी नव्हते. पानावर दोन रकाने असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. ते चालवणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा अवघे विशीचे होते. दोन भाषा सारख्याच ताकदीने येणे ही नोकरीतली आणि लोकसेवेतली केवढी मोठी पात्रता असते, हे त्यांच्या ३४ वर्षांच्या आयुष्यातून समजते.

दोन्ही भाषा येणाऱ्यांची गरज का निर्माण झाली?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी मुलुखाचा मोठा भाग कंपनी सरकारकडे गेला. राज्य करणाऱ्यांना रयतेची भाषा येत नव्हती आणि रयतेला हुकूम कोणत्या विचाराने निघतात हे कळत नव्हते. शाळा काढायच्या तर मराठीत पुस्तके नव्हती. पुस्तके लिहायची तर इंग्रजीतले शास्त्र आणि मराठीतले शब्द दोन्ही ठाऊक असणारी माणसे हवी होती. अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती.

बाळशास्त्री या कामात कसे आले?

त्यांचा जन्म १८१२ मध्ये देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावी झाला. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक होते. मराठी आणि संस्कृतचा पाया घरीच पक्का झाला. पुढे ते मुंबईला आले आणि बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी शिकू लागले. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे या सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी होते. बाळशास्त्री १८३० मध्ये डेप्युटी सेक्रेटरी झाले आणि १८३२ मध्ये छत्रे यांच्या जागी आले. पाठ्यपुस्तके तयार करून घेणे आणि शाळांचा कारभार पाहणे हे या पदाचे काम. दोन्ही भाषा नीट आल्याशिवाय ते होणारच नव्हते.

प्रमाणपत्र नसताना पारख कशी झाली?

त्या काळी भाषेची परीक्षा होती, पण ती गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. लष्करात दुभाष्याची जागा हवी असेल तर कंपनीच्या अधिकाऱ्याला देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश देणारे मोल्सवर्थ हेही मूळचे कंपनीच्या फौजेतलेच. एतद्देशीय तरुणाला मात्र आपले इंग्रजी सिद्ध करायला पदवी नव्हती, कारण मुंबई विद्यापीठच १८५७ मध्ये स्थापन झाले. तेव्हा बाळशास्त्रींच्या निधनाला ११ वर्षे होऊन गेली होती. त्यामुळे त्यांची पारख कामावरूनच झाली. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय. दादाभाई नवरोजी त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक.

‘दर्पण’ दोन रकान्यांत का?

कारण वाचक दोन होते. मराठी वाचकाला जगातील घडामोडी, विज्ञान आणि सरकारी धोरण कळावे. इंग्रजी वाचकाला, म्हणजे मुख्यतः सत्तेतल्या माणसाला, इथल्या लोकांचे प्रश्न आणि मते कळावीत, असा दुहेरी हेतू होता. केवळ मराठीत लिहिले असते तर तक्रार सरकारपर्यंत पोहोचली नसती. केवळ इंग्रजीत लिहिले असते तर ज्यांची तक्रार त्यांनाच ती वाचता आली नसती. सुरुवातीला पाक्षिक असलेले ‘दर्पण’ त्याच वर्षी साप्ताहिक झाले आणि १८४० पर्यंत चालले. त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठी मासिक सुरू केले.

भाषेचा उपयोग आणखी कुठे झाला?

गणित, व्याकरण, भूगोल आणि इतिहास या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. नव्या विषयांना मराठी शब्द घडवणे हाही या कामाचाच भाग होता. कुलाब्याच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांनी सांभाळली. प्राचीन शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर इंग्रजीत निबंध लिहिले. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध केली. शाळा तपासनीस म्हणून गावोगावच्या शाळा पाहिल्या आणि शिक्षक घडवणाऱ्या वर्गाचीही धुरा वाहिली.

मध्ये उभे राहण्याची किंमत काय?

दोन भाषा जाणणारा माणूस दोन समाजांच्या मध्ये उभा असतो आणि दोन्हीकडचा रोष त्याच्या वाट्याला येऊ शकतो. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. मिशनऱ्यांकडे राहून परतलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री पुढे झाले. इकडे मिशनरी, तिकडे सनातनी, अशी ही ओढाताण होती. सनातन्यांचा कडवा विरोध त्यांनी सोसला, पण भूमिका सोडली नाही. कामाचा ताण मात्र शरीराला झेपला नाही. मे १८४६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आजच्या उमेदवाराने यातून काय घ्यावे?

आता पारख कागदावर होते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. राज्यात नेमणूक झालेल्या परप्रांतीय सनदी अधिकाऱ्यालाही मराठीची परीक्षा द्यावी लागते. प्रमाणपत्राचा फायदा मोठा आहे. बाळशास्त्रींना पारखणारे कोणी भेटले. ज्याला तसे कोणी भेटत नाही त्याच्यासाठी हा कागदच ओळख ठरतो. परंतु टंकनाचा वेग म्हणजे भाषेवरची पकड नव्हे. इंग्रजीतला शासन आदेश वाचून तो खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या मराठीत समजावून सांगता येणे आणि त्याची अडचण वरिष्ठांना कळेल अशा शब्दांत वर पाठवणे, ही खरी कसोटी. ‘दर्पण’चे दोन रकाने नेमके हेच काम करत होते.