भगत नामदेव

शीख धर्माविषयी आपल्या मराठी घरांतून आदर पुष्कळ आणि माहिती थोडी, असे सामान्यतः आढळते. सिल्वासासारख्या गावी, जेथे कारखान्यांच्या निमित्ताने नाना प्रांतांची माणसे शेजारी नांदतात, ही उणीव विशेष जाणवते. माझ्या शेजारचे शीख गृहस्थ नामदेवांना भगतजी म्हणतात आणि ते आपलेच होत, असे सहज धरून चालतात. तेव्हा बडोद्याच्या वाचकांनी या धर्माची ओळख नामदेवांच्या चरित्रातूनच करून घ्यावी, असे मला वाटते.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. घराण्याचे मूळ मराठवाड्यातील नरसीचे, पण नामदेवांचा जीव जडला तो पंढरीच्या विठ्ठलावर. देव आपल्याशी बोलतो, जेवतो, इतकी ती सलगी. पुढे संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन नामदेवांचे मडके कच्चे ठरविले आणि नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. जेथे देव नसेल तेथे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले. आणि तशी जागा काही सापडेना. मूर्तीत सापडलेला देव सर्वत्र आहे, हा बोध नामदेवांना तेथे झाला. एकच निराकार ईश्वर चराचरात भरला आहे, हा शीख धर्माचा पाया याहून निराळा नाही.

औंढ्याचीच दुसरी कथा अशी की, हीन जातीचा म्हणून नामदेवांना देवळातून उठविले. ते मागल्या बाजूस जाऊन कीर्तन करू लागले, तो देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरल्याची ही गोष्ट शिखांच्या ग्रंथसाहिबात खुद्द नामदेवांच्या पदात आहे.

ज्ञानदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या वियोगाचे अभंग आपल्या परिचयाचे आहेत. त्यानंतरच्या काळात नामदेव उत्तरेत गेले आणि परंपरेनुसार पंजाबात, आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे, दीर्घकाळ राहिले. भाषा परकी, माणसे परकी. तरी त्यांनी त्या लोकांच्या बोलीत पदे रचली आणि त्यांत विठ्ठलाचे नाव बीठल होऊन गेले. काही अभ्यासक पंजाबातील नामदेव वेगळे मानतात. पण हा बीठल, ती शिंप्याची जात आणि ती देवळाची कथा पाहता एकच नामदेव मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

गुरू नानकांचा जन्म १४६९ चा, म्हणजे नामदेवांच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांची वाणीही घेतली. नामदेवांची त्यात ६१ पदे आहेत. कबीरांच्या एका रचनेत असे आहे की, कापड छापण्यात मन का गुंतवतोस, असे त्रिलोचनांनी विचारता, हात कामात व चित्त देवाकडे ठेवावे, असे नामदेवांनी उत्तर दिले. नामस्मरण करावे, कष्टाची भाकरी खावी व ती वाटून खावी, ही शिखांची तीन मुख्य कर्तव्ये. त्यांतली पहिली दोन या एका उत्तरात आली. तिसरे लंगरात दिसते. तेथे राव-रंक एका पंगतीस जमिनीवर बसतात आणि जात विचारली जात नाही.

दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ साली आनंदपूर येथे खालसा स्थापिला. केस, कंगवा, कडे, कच्छ व कृपाण ही त्याची पाच चिन्हे. प्रथम शिर देण्यास जे पाच जण पुढे आले, त्यांतले एक, मोहकमचंद, आपल्या गुजरातेतील द्वारकेचे आणि परंपरेने नामदेवांच्याच छिंबा जातीचे. १७०८ साली नांदेड येथे, गोदावरीकाठी, गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथालाच गुरुपद दिले.

तेव्हापासून ग्रंथसाहिब हे केवळ पुस्तक नव्हे. पहाटे त्याचा प्रकाश होतो, रात्री त्यास शय्येवर निजविले जाते. वर छत्र, पुढे चवरी. सहज उघडलेल्या पानावरील वचन ही त्या दिवसाची आज्ञा. बालकाच्या नावाचे आद्याक्षरही तेथूनच घेतात, आणि वधूवर त्याच्याभोवतीच चार फेरे घेतात. गुरूंची वाणी व भगतांची वाणी यांत मानाचा भेद नाही. ज्या शिंप्याला देवळातून उठविले, त्याचे शब्द आज सिंहासनावर आहेत.

नामदेवांचे देहावसान १३५० चे. घुमानचे लोक समाधी आपल्या गावी दाखवितात, आपण पंढरीची पायरी दाखवितो. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मराठी सारस्वताने त्यांच्या त्या दुसऱ्या घरी पाऊल ठेवले. समाधी कोठली खरी, या वादात मी पडत नाही. पंढरीस संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेव पायरी झाले. पंजाबाने त्यांना माथ्यावर घेतले. वाचकांपैकी कोणी गुरुद्वारात गेल्यास त्यांनी पादत्राणे बाहेर ठेवावीत, डोके झाकावे, आणि ग्रंथासमोर वाकताना आपण नामदेवांपुढेही वाकत आहोत, हे ध्यानी असू द्यावे.