धर्मपीठावर बाईचा हक्क

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या ख्रिस्ती मुलीने पाळक होण्याची इच्छा धरली आणि बाईमाणूस म्हणून कोणी तिला अडवले, तर आम्ही तिला पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचायला सांगू.

१८५८ साली ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. सनातनी खवळले, महात्मा जोतीराव फुले मात्र ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण पुरुषशाही चर्चमध्येही होतीच. रमाबाईंनी तिथे पुरुषांना शिकवण्याचा विषय निघताच भारतातील बिशपांनी विरोध केला. तरीही रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आजचा गोंदिया जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथल्या उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या. पाळकाची दीक्षा मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

जिने धर्मग्रंथ मराठीत आणला, तिच्या लेकींना वेदीपाशी उभे राहण्यास अपात्र ठरवणारे कोण? हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती समाजाचा नाही. बाईची सेवा घेणारा आणि तिला धर्मपीठ नाकारणारा कोणताही धर्म समतेचा असू शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.